ट्रॉपिकल मिल्कवीड: ठेवावं, छाटावं की उपटावं? (दक्षिण कॅलिफोर्निया)

अनघा_इर्व्हाइन

मोनार्क फुलपाखरांसाठी मिल्कवीड (त्यांच्या अळ्या ज्याची पानं खातात ते झाड) लावणाऱ्यांकडून नेमका सल्ला हवा आहे.

जागा ऑरेंज काउंटीत, समुद्रापासून साधारण दहा मैल आत. इथे पाणी गोठेल अशी थंडी पडत नाही. पाच झाडं आहेत, तीन जमिनीत आणि दोन मोठ्या कुंड्यांत. नर्सरीच्या चिठ्ठीवर फक्त 'मिल्कवीड' एवढंच छापलेलं होतं. फुलं लालकेशरी, मध्ये पिवळी. पानं लांबट, गुळगुळीत, समोरासमोर जोडीने येणारी. पान तोडलं की पांढरा चीक येतो. म्हणजे हे ट्रॉपिकल मिल्कवीड असावं, आपल्याकडे ज्याला हळदीकुंकू म्हणतात तेच.

अंडी आणि अळ्या भरपूर असतात, अगदी डिसेंबरातसुद्धा. पण यंदा ऑक्टोबरपासून काही फुलपाखरं कोषातून अर्धवट बाहेर येऊन तिथेच मरताहेत, काहींचे पंख चुरगळलेले राहताहेत. हे झाडामुळे होतं का? झाडं लगेच उपटावीत की छाटून भागेल? छाटायची तर कधी आणि किती? सध्या अळ्या आहेत त्यांचं काय करायचं, त्या जाळीच्या पिंजऱ्यात घरात वाढवल्या तर चालेल का? आणि याच्या जागी इथलं कोणतं मिल्कवीड लावावं, ते बियांपासून कसं करायचं?

खवलेपंखी

अनघाताई, वर्णनावरून झाड ट्रॉपिकल मिल्कवीडच आहे, अ‍ॅस्क्लेपियस कुरासाव्हिका. हे मूळचं मेक्सिको, मध्य व दक्षिण अमेरिका आणि कॅरिबियन बेटांवरचं. कॅलिफोर्नियाचं नाही. नर्सऱ्यांमध्ये ते इतकं दिसतं त्याचं कारण साधं आहे: बी चटकन रुजतं, कुंडीत खुशाल वाढतं, पहिल्याच वर्षी फुलतं. याचं पूर्ण पिवळ्या फुलांचं वाणही मिळतं आणि ते अनेकदा 'बटरफ्लाय वीड' या नावाखाली विकलं जातं. खरं बटरफ्लाय वीड म्हणजे अ‍ॅस्क्लेपियस ट्युबरोसा. त्याची पानं लवदार असतात, बहुतेक एकाआड एक येतात, आणि तोडल्यावर पांढरा चीक येत नाही, रस पाण्यासारखा असतो. फुलांच्या रंगावर विसंबू नका, पान मोडून बघा.

आता पंखांचं. तुम्ही लिहिलेली लक्षणं ओई नावाच्या परजीवीशी जुळतात. पूर्ण नाव ऑफ्रिओसिस्टिस इलेक्ट्रोस्किरा. हा एकपेशीय परजीवी मोनार्क आणि त्याच्या नात्यातल्या क्वीन फुलपाखराला होतो. त्याचा फेरा नीट समजून घेतला की छाटणी का आणि कधी हे आपोआप कळतं.

बाधित फुलपाखराच्या अंगावर, विशेषतः पोटाच्या खवल्यांमध्ये, लाखो सुप्त बीजाणू असू शकतात. मादी अंडी घालताना ते अंड्यांवर आणि पानांवर सांडतात. अळी बाहेर आल्यावर आधी अंड्याचं कवच खाते, मग पान, आणि त्यासोबत बीजाणू पोटात जातात. तिथे ते फुटतात, आतड्याची भिंत ओलांडून त्वचेखालच्या थरात शिरतात आणि कोषावस्थेत झपाट्याने वाढतात. अळी वरून धडधाकट दिसते, नीट खाते, वेळेवर कोष करते. सगळं नुकसान कोषात होतं. जास्त बाधा असेल तर फुलपाखरू कोषातून सुटतच नाही, किंवा सुटलं तरी पंख पसरत नाहीत. कमी बाधेचं फुलपाखरू उडतं, पण अंगाने लहान, उडण्यात कच्चं आणि अल्पायुषी असतं. तेच पुन्हा पानापानावर बीजाणू पेरत फिरतं. यावर औषध नाही.

कोषाकडे पाहून अंदाज येतो. निरोगी कोष शेवटच्या दिवशी सगळीकडून सारखा गडद होतो आणि पारदर्शक होऊन आतले केशरी पंख दिसू लागतात. ओई असेल तर दोन-तीन दिवस आधीच, कोष अजून हिरवा असताना, आत विस्कळीत काळपट डाग दिसतात आणि दोन बाजूंचे डाग सारखे नसतात. खात्रीची तपासणी म्हणजे पोटावर पारदर्शक टेप हलकेच दाबून ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं. बीजाणू लिंबाच्या आकाराचे, तपकिरी आणि खवल्यांपेक्षा कितीतरी लहान दिसतात. जॉर्जिया विद्यापीठाचा 'मोनार्क हेल्थ' प्रकल्प २००६ पासून लोकांकडून असेच नमुने गोळा करतो आहे. कॅलिफोर्नियात मात्र परवान्याशिवाय फुलपाखरू पकडून हे करू नका. त्याबद्दल खाली कोणी लिहील, नाहीतर मी लिहीन.

चुरगळलेल्या पंखांमागे ओईच असतो असं नाही. कोष खाली पडला, फुलपाखराला लटकायला जागा नव्हती, हवा फार कोरडी होती, तरीही पंख तसेच राहतात. पण ऑक्टोबरपासून एकापाठोपाठ एक असं होत असेल आणि झाडं वर्षभर हिरवी असतील, तर पहिला संशय ओईवरच घ्यावा.

आता झाडाचा संबंध. ओई देशी मिल्कवीडवरही असतो. फरक एवढाच की देशी झाड शरद ऋतूत वाळून जमिनीपर्यंत मरतं, बीजाणूंनी माखलेली पानं जातात आणि वसंतात कोरी करकरीत पानं येतात. ट्रॉपिकल मिल्कवीड तुमच्या हवेत वाळतच नाही. तेच पान महिनोनमहिने राहतं आणि पिढीमागून पिढी त्यावर बीजाणूंची भर घालते.

दुसरी गोष्ट स्थलांतराची. दिवस लहान होणं, रात्री गार होणं आणि मिल्कवीड वाळत जाणं, या तिन्ही खुणा मिळून शरदातल्या मोनार्कचं प्रजनन थांबवतात आणि तो हिवाळी मुक्कामाला निघतो. लांबच्या प्रवासात फार बाधित फुलपाखरं गळून पडतात, म्हणजे स्थलांतर हीच त्या जातीची गाळणी आहे. हिवाळाभर कोवळा पाला मिळाला की काही फुलपाखरं थांबतात, अंडी घालतात आणि ही गाळणी बंद पडते. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत, म्हणजे टेक्सास-फ्लोरिडाच्या पट्ट्यात, हिवाळ्यात ट्रॉपिकल मिल्कवीडवर प्रजनन करणाऱ्या मोनार्कमध्ये ओईचं प्रमाण स्थलांतर करणाऱ्यांच्या पाच ते नऊ पट आढळलं. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. दक्षिण फ्लोरिडात बारमाही राहणाऱ्या मोनार्कमध्ये बाधा ७० टक्क्यांच्याही वर मोजली गेली आहे.

म्हणून 'हे झाडामुळे होतं का' याचं उत्तर: झाड विषारी आहे म्हणून नव्हे, झाड हिवाळ्यातही हिरवं राहतं म्हणून.

रानजाई

छाटणीचं मी सांगते.

उपटणं आणि छाटणं यात निवड करायची असेल तर उपटणं चांगलं. पण आत्ता त्यावर अळ्या आहेत आणि देशी रोपं अजून हातात नाहीत, म्हणून हा हिवाळा छाटून काढा आणि वसंतात एकेक करून बदला.

झर्सिस सोसायटी (कीटकांसारख्या अपृष्ठवंशी प्राण्यांच्या संवर्धनाचं काम करणारी संस्था) किनारी दक्षिण राज्यांसाठी आणि कॅलिफोर्नियासाठी सांगते ते असं: ऑक्टोबर-नोव्हेंबरात झाड जमिनीपासून सहा इंचांपर्यंत छाटायचं आणि फेब्रुवारीपर्यंत ते तसंच ठेवायचं. बहुतेक लोक इथे चुकतात. एकदा छाटतात आणि काम झालं असं समजतात. तुमच्या हवेत उरलेल्या खुंटाला दहा-पंधरा दिवसांत डोळे फुटतात आणि ती कोवळी पालवी मादीला फार आवडते. त्यामुळे दर दोन-तीन आठवड्यांनी फेरी मारून नवी पालवी खुडायची. खुंटावर एकही पान ठेवायचं नाही. पाणी बंद करा किंवा अगदी कमी करा, खत अजिबात नको, म्हणजे फुटवा मंदावतो. मार्चमध्ये पुन्हा वाढू द्या.

आधी डोळ्यांची काळजी. याचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाच्या पारदर्शक पडद्याला सूज येते, दिसणं धूसर होतं. आणि हे लगेच जाणवत नाही, काही तासांनी सुरू होतं. हातमोजे आणि बंद चष्मा घाला, काम चालू असताना चेहऱ्याला हात लावू नका. कात्रीवरचा चीक कापडाने पुसा, नंतर साबणाने हात धुवा. डोळ्यात गेलाच तर भरपूर पाण्याने धुऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, घरगुती उपाय करत बसू नका. लहान मुलांना आणि कुत्र्या-मांजरांना छाटलेल्या फांद्यांपासून दूर ठेवा.

अळ्या असताना कसं छाटायचं? एका झाडापासून सुरुवात करा. पानांच्या खालच्या बाजू नीट पाहा. अंडं टाचणीच्या डोक्याएवढं, दुधाळ पांढरं, उभ्या रेघांचं असतं आणि बहुधा एका पानावर एकच. ज्या फांद्यांवर अंडं वा अळी नाही त्या आज कापा. ज्यांवर आहेत त्या राहू द्या, फक्त त्यांच्या टोकांचे नवे कोंब अंडी नसतील तर खुडा, म्हणजे नवीन मादी येऊन अंडी घालण्याची शक्यता कमी होते. अळीचा काळ दहा ते चौदा दिवसांचा, गारठ्यात जास्त. ती कोष करायला झाड सोडून निघून गेली की ती फांदीही कापा. अशा रीतीने पाच झाडं महिन्या-दीड महिन्यात खाली येतात आणि खात्या अळ्यांच्या तोंडचा घास जात नाही.

कापलेला पाला, गळून पडलेली पानंसुद्धा, पिशवीत भरून हिरव्या कचऱ्याच्या डब्यात टाका. घरच्या खताच्या ढिगात नको, कारण ओईचे बीजाणू चिवट असतात. कात्री एका झाडावरून दुसऱ्याकडे नेताना ब्लीचच्या पाण्यात (एक भाग ब्लीच, चार भाग पाणी) बुडवून पुसा.

शेंगा असतील तर उकलायच्या आत काढा. एकदा म्हाताऱ्या उडाल्या की बी शेजारच्या अंगणात आणि ओढ्याकाठी रुजतं. 'मी माझ्या झाडांची काळजी घेते' हे तिथे लागू पडत नाही.

निरंजन_ऑस्टिन

वरच्या दोन्ही प्रतिसादांशी बहुतांशी सहमत, पण चित्राची दुसरी बाजूही इथे यायला हवी. ट्रॉपिकल मिल्कवीडमध्ये कार्डिनोलाइड, म्हणजे हृदयावर परिणाम करणारी विषद्रव्यं, बऱ्याच देशी जातींपेक्षा जास्त असतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं की ओईबाधित माद्या कमी विषाच्या स्वॅम्प मिल्कवीडपेक्षा ट्रॉपिकल मिल्कवीडवर अंडी घालणं पसंत करतात आणि त्यावर वाढलेल्या पिल्लांत बीजाणू कमी निघतात. आई स्वतः बरी होत नाही, पण पुढच्या पिढीला औषधी पान निवडून देते. मग हे झाड सरसकट वाईट कसं म्हणायचं?

आणखी एक. शहरी भागात हिवाळी प्रजनन करणारे मोनार्क आता आहेतच. झाडं एकदम नाहीशी केली तर ते काय खाणार?

खवलेपंखी

निरंजन, तो प्रयोग खरा आहे आणि महत्त्वाचाही. पण तो एका मादीचा आणि तिच्या पिल्लांचा हिशोब आहे. कार्डिनोलाइडमुळे बाधा कमी होते, नाहीशी होत नाही. कमी बाधेचं फुलपाखरू अधिक दिवस जगतं, म्हणजे अधिक दिवस बीजाणू सांडतं. ते पान दोन आठवड्यांत वाळून जाणार असेल तर फारसं बिघडत नाही. ते वर्षभर राहणार असेल तर बिघडतं. व्यक्तीला मिळालेला फायदा समूहाला तोट्यात नेऊ शकतो, तो असा.

उष्म्याचाही प्रश्न आहे. लुइझियानात केलेल्या प्रयोगात (२०१८) तापमान वाढवल्यावर ट्रॉपिकल मिल्कवीडमधली विषद्रव्यं इतकी वाढली की मोनार्कच्या अळ्यांनाच ती जड गेली. त्याच परिस्थितीत तिथल्या देशी स्वॅम्प मिल्कवीडचं तसं झालं नाही. मोनार्क विष पचवतो हे खरं, पण त्यालाही मर्यादा आहे, आणि गरम होत जाणाऱ्या दक्षिणेत हे झाड त्या मर्यादेच्या दिशेने जातं.

हिवाळ्यात थांबलेल्या मोनार्कचं काय, हा प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे आणि त्यावर अभ्यासकांत एकमत नाही. काहींच्या मते बदलत्या हवामानात हे बारमाही समूह जातीचा आधारही ठरू शकतात. पश्चिमेकडच्या मोनार्कची अवस्था पाहिली तर हा विचार का येतो ते समजतं. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या हिवाळी गणनेत २०२० साली २,००० हूनही कमी मोनार्क मिळाले. २०२१ मध्ये ते अडीच लाखांच्या जवळ गेले आणि २०२४ मध्ये पुन्हा ९,११९ वर आले. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय वन्यजीव खात्याने मोनार्कला धोक्यातील जाती म्हणून संरक्षण देण्याचा प्रस्तावही मांडला. इतक्या खालच्या आकड्यांवर, अंगणातून सुटणारं प्रत्येक फुलपाखरू निरोगी असावं याला मी जास्त वजन देतो. बाधित पानांवर आणखी एक पिढी वाढवणं हा आधार नव्हे. म्हणून रानजाईंनी सांगितलेली टप्प्याटप्प्याची छाटणी मला योग्य वाटते. कोणालाही उपाशी न ठेवता ती साखळी तोडते.

आणि कायद्याचं राहिलं होतं. अनघाताई, अळ्या घरात आणून वाढवू नका. कॅलिफोर्नियाच्या मत्स्य व वन्यजीव खात्याच्या नियमांनुसार वैज्ञानिक परवान्याशिवाय मोनार्क पकडणं, जवळ बाळगणं, पिंजऱ्यात वाढवणं बेकायदेशीर आहे, आणि त्यात अंडी-अळ्याही आल्या. नियम बाजूला ठेवला तरी, एका पिंजऱ्यात अनेक अळ्या म्हणजे एकीच्या बीजाणूंनी सगळ्यांची पानं माखणार. विक्रीबद्दलही सांगतो: मरिन, व्हेंचुरा अशा काही काउंट्यांनी २०२२ पासून नर्सरीत ट्रॉपिकल मिल्कवीड विकायला बंदी केली आहे.

अनघा_इर्व्हाइन

फार उपयोगी माहिती, मनापासून आभार. या आठवड्यात जमिनीतल्या तीन झाडांची पाहणी सुरू करते.

पुढचे प्रश्न: देशी रोपं नर्सरीत क्वचित मिळतात, त्यामुळे बियांपासूनच करावी लागतील. कोणती जात आणि कशी? ट्रॉपिकल झाडांवर पिवळा मावा फार असतो, तो तिकडेही येणार का? आणि हिवाळ्यात इथे मिल्कवीड नसेल तर फुलपाखरांसाठी काय ठेवायचं? शिवाय मंदिरातल्या ओळखीच्या एका काकूंनी विचारलंय की मारुतीला वाहण्यासाठी रुई लावली तर मोनार्क तीही खातो का.

बीजांकुर

जात: नॅरोलीफ मिल्कवीड, अ‍ॅस्क्लेपियस फॅसिक्युलॅरिस. ऑरेंज काउंटीची मूळ रहिवासी, बागेत सर्वांत सोपी, मोनार्कची आवडती. दोन-तीन फूट उंच, पानं अरुंद, एका पेरावर तीन ते पाच, फुलं फिकट गुलाबी-पांढरी. वूली पॉड मिल्कवीड (एरिओकार्पा) हीसुद्धा तुमच्या भागातली आणि वसंतात लवकर फुटणारी, म्हणून मोलाची. पण तिला कोरडी, पाणी पटकन निचरणारी जमीन हवी, उन्हाळ्यात पाणी चालत नाही. नॅरोलीफ जमल्यावर तिच्याकडे वळा. शोई मिल्कवीडची रोपं तुम्हाला हमखास दिसतील, ती राज्याच्या उत्तर भागातली. आपल्या भागातलं बी मिळत असताना ती कशाला?

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरात बी थेट जागेवर पेरणं. हिवाळ्याचा गारवा आणि पाऊस बाकीचं करतात. जागेला किमान सहा तास ऊन हवं. गवत आणि तण काढून माती वरवर मोकळी करा, बी पाव इंचापेक्षा खोल टाकू नका, हाताने दाबा. दोन बियांत अर्धा-पाऊण फूट ठेवा, पुढे विरळणी करून झाडाझाडात दीड-दोन फूट अंतर राहू द्या. पक्षी आणि गोगलगायी बरंच बी आणि कोंब खातात, म्हणून थोडं जास्त पेरा.

कुंडीत करायचं असेल तर जानेवारीच्या सुमारास बियांना गारवा द्या. ओलसर कागदी रुमालात किंवा ओल्या वाळूत बी गुंडाळून, झाकणाच्या पिशवीत, फ्रिजमध्ये चार आठवडे. फ्रीझरमध्ये नाही. रुमाल दमट हवा, पाणी निथळता कामा नये, नाहीतर बुरशी धरते. आठवड्याने एकदा उघडून बघा. काळे डाग दिसले तर बी धुऊन नवा रुमाल घ्या. नॅरोलीफचं थोडं बी गारव्याशिवायही रुजतं, पण गारवा दिलेलं बी जास्त प्रमाणात आणि एकसारखं उगवतं. मग उबदार जागी, साधारण २१ ते २७ अंश सेल्सियसला, पेरा. आठ-पंधरा दिवसांत कोंब दिसतात.

कुंडी खोल हवी, आठ-दहा इंच. मिल्कवीडचं मूळ पहिल्याच महिन्यात खाली जातं आणि उथळ ट्रेमध्ये ते वेटोळं होतं. असं रोप जमिनीत गेल्यावर वर्षभर रुसून बसतं. रोपावर पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की लावून टाका, मूळ न हलवता, मातीच्या गोळ्यासकट. माती सतत ओली ठेवली तर कोवळा देठ जमिनीलगत काळा पडून रोप कोलमडतं. वरचा अर्धा इंच वाळला की मगच पाणी. खताची गरज नाही. नत्र जास्त झालं की पाला लुसलुशीत होतो आणि त्यावर मावा तुटून पडतो.

पहिल्या वर्षी रोप किरकोळ दिसेल, बहुधा फुलणार नाही. त्याची सगळी कमाई मुळात चाललेली असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पानं पिवळी पडून ते जमिनीपर्यंत मरेल. मेलं समजून उपटू नका, तिथे खूणपट्टी रोवून ठेवा. मार्च-एप्रिलमध्ये तिथूनच फुटेल, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी जमिनीखालून पसरून लहानसा जुडगा करेल. किती लावायची? एक अळी लहान रोप एकटीच फस्त करते, म्हणून एक-दोन झाडांना अर्थ नाही. आठ-दहा असू द्या.

मावा तिकडेही येणार. तो पिवळा मावा मिल्कवीड आणि कण्हेरीवर राहतो. दिसायला भयंकर, पण मोठ्या झाडाला तो क्वचितच मारतो. हाताने चिरडा किंवा पाण्याच्या बारीक जोरदार धारेने उडवा, मात्र आधी पानांखाली अंडी-अळ्या आहेत का ते पाहा. साबणाचं पाणी, कडुनिंबाचं तेल यांनी अंडी आणि लहान अळ्याही मरतात, म्हणून ते नकोच.

रोपं विकत घेतलीत तर एक प्रश्न विचारल्याशिवाय पैसे देऊ नका: यावर इमिडाक्लोप्रिडसारखं आंतरप्रवाही कीटकनाशक मारलंय का? ही औषधं झाडाच्या रसात महिनोनमहिने राहतात, धुऊन जात नाहीत. मिल्कवीडवर मावा अजिबात दिसत नसेल आणि विक्रेत्याला उत्तर माहीत नसेल, तर ते रोप सोडून द्या.

हिवाळ्यात मोनार्कला पान नको असतं, मकरंद हवा असतो. कोयोटी ब्रश शरदात फुलतं, कॅलिफोर्निया गोल्डनरॉड उन्हाळ्याच्या शेवटापासून पुढे फुलतं, आणि देशी सॅल्व्हिया वसंतात कामी येतात. ज्यांची घरं किनाऱ्यालगत आहेत त्यांच्यासाठी एक वेगळी सूचना: सांता बार्बराच्या दक्षिणेला समुद्रापासून एक मैलाच्या आत आणि उत्तरेला पाच मैलांच्या आत मिल्कवीड लावू नये, देशीसुद्धा, कारण तो हिवाळी मुक्कामाचा पट्टा आहे. तिथे फक्त मकरंदाची झाडं. अनघाताई दहा मैल आत आहेत, त्यांना अडचण नाही.

रुईचं: हो, मोनार्क खातो. हवाईत तर रुई हीच त्याची मुख्य खाद्यवनस्पती आहे. पण इथे ती ट्रॉपिकल मिल्कवीडसारखीच बारा महिने हिरवी राहते, म्हणून ओईचा फेरा तसाच चालतो आणि सहा-आठ फुटांच्या झाडाची हिवाळी पालवी खुडत राहणं फार कठीण आहे. काकूंना पूजेपुरती हवी असेल तर कुंडीत, बारीक जाळीखाली ठेवावी, म्हणजे मादी अंडी घालणार नाही. बी भारतातून सामानात आणू नये, आयातीला परवानगी लागते.

सुलेखा_एनजे

आम्ही न्यू जर्सीत. इथे ट्रॉपिकल मिल्कवीड थंडीने मरतंच. तरीही टाळावं का?

खवलेपंखी

कडाक्याच्या थंडीत ते वार्षिक झाड ठरतं, पानं नष्ट होतात, त्यामुळे ओई साठण्याचा धोका तुमच्याकडे बराच कमी. पण सप्टेंबर-ऑक्टोबरात देशी मिल्कवीड वाळत असताना ते टवटवीत असतं, आणि त्याच्या सहवासाने स्थलांतरी मोनार्कमध्ये प्रजननाची तयारी सुरू होते असं प्रयोगांत दिसलं आहे. कुंडी हिवाळ्यात घरात घेऊन वसंतात परत बाहेर ठेवणं तर अजिबात नको, त्याने जुनी पानं वाचतात. तुमच्याकडे कॉमन, स्वॅम्प आणि ट्युबरोसा या तिन्ही जाती सहज होतात, मग याची गरजच उरत नाही. ओलसर जागा असेल तर स्वॅम्प, कोरड्या उन्हाच्या जागी ट्युबरोसा. कॉमन खूप पसरतं, त्याला मोकळी जागा द्या.

तुमच्या भागात त्याहून मोठा धोका म्हणजे ब्लॅक स्वॅलोवर्ट ही युरोपातून आलेली वेल. पानं गडद, चकचकीत, समोरासमोर. फुलं अगदी लहान, जांभळट काळी. शेंगा मिल्कवीडसारख्याच, बारीक. मोनार्कची मादी मिल्कवीड समजून तिच्यावर अंडी घालते आणि निघालेल्या अळ्या मरतात. कुंपणाला दिसली तर शेंगा धरायच्या आत, मुळाच्या गड्ड्यासकट खणून काढा. नुसती वरून ओढली तर ती पुन्हा फुटते.

रानजाई

अनघा, कुंड्यांतल्या दोन झाडांबद्दल राहिलं. वसंतात ती काढाल तेव्हा तीच माती देशी रोपांना वापरू नका. वरच्या थरात जुन्या पानांचा चुरा असतो आणि त्यात बीजाणू असू शकतात. माती कचऱ्यात टाका, कुंड्या घासून ब्लीचच्या त्याच एकास चार पाण्यात चार तास बुडवा, स्वच्छ धुऊन उन्हात वाळवा, मग नवी माती भरा. जमिनीतली तीन काढताना खोडाचा बुंधा आणि जाड मुळं खणून काढा, बुंध्याचा तुकडा राहिला तर फुटतो. पडलेलं बी पुढची एक-दोन वर्षं उगवत राहील. ही रोपं रुंद गुळगुळीत पानांवरून ओळखू येतात, नॅरोलीफची पानं लहानपणापासूनच अरुंद असतात. हाताएवढी होण्याआधी उपटा.